पारावरची काकणं

देवाने माणसांना वेगवेगळी तोंडं दिली ती एकमेकांना ओळखता यावं म्हणून, असा एक सर्वसाधारण समज आहे. आमच्या काकणवाल्या चाचीला तो मान्य नाही. तिच्या मते ओळखीसाठी दिलंय ते मनगट; तोंड नुसतं बोलायला आणि जेवायला. मालवणच्या बाजारात मासळीकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिचं काकणांचं दुकान आहे. समोरून तुम्ही गेलात, हसलात, हात हलवलात, तरी ती तुमच्याकडे खांबाकडे बघावं तशी बघते. पण एकदा का तुमचं मनगट तिच्या चिमटीत सापडलं, की तुमचं माहेर, सासर, बाळंतपणं आणि मागल्या खेपेला तुम्ही कुठल्या रंगावरून हुज्जत घातली होती, ते सगळं तिला एका दमात आठवतं. नावं ती लक्षात ठेवत नाही. मापं ठेवते. मी लग्न होऊन देवगडहून या भागात आले तेव्हा 'दोन-चार' होते. मुलगी झाल्यावर 'दोन-सहा' झाले. गेली काही वर्षं मी 'दोन-आठ' आहे, आणि ही माहिती माझ्याआधी बाजाराला असते, कारण चाची रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारते, "गो दोन-आठ, चाय घेवन जा." एकदा मी चिडून म्हटलं, "चाची, तुमी म्हणतास मनगट बदलणा नाय. माझा तर बदालला." चाची शांतपणे म्हणाली, "हाड तुझ्या आवशीचा, ता तसांच आसा. वरचा मास घोवाच्या घरचा. ता मी मोजणंय नाय, नुसता सांगतंय." म्हणजे हाड आईचं, मांस नवऱ्याच्या घरचं.

मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. तारकर्लीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे आमचं पर्यटकांसाठी न्याहारी-निवास आहे, शिवाय गावातल्या बचत गटांचं सचिवपद माझ्याकडे आहे. चादरी, नारळ, सभा, औषधं, सगळ्याची यादी माझ्या पिशवीत असते. माझे यजमान म्हणतात, "हिच्या याद्यांची एक यादी आहे, ती हरवली की आम्ही उपाशी." अशा माणसाला चाचीच्या दुकानात बसणं म्हणजे शिक्षा असायला हवी. तिथे कशालाच क्रम नाही. हिरव्याशेजारी निळी, त्यावर लहान मुलींची, मध्येच एखादी बिलवरांची जोडी, आणि सगळ्या माळा दोरीत ओवून अशा टांगलेल्या की वाऱ्याची झुळूक आली तर दुकान बोलायला लागतं. पण मी तिथे बसते. किंबहुना सुटका नसते म्हणून बसते. काकणं भरताना हात चाचीच्या हातात असतो, आणि अर्धी काकणं चढलेली असताना बाईला उठता येत नाही. त्या वेळेचा चाची पुरेपूर उपयोग करते. "हात ढिलो सोड," असं म्हणत ती अंगठ्याखालचं हाड अलगद दाबते आणि त्याच क्षणी प्रश्न विचारते. हात सैल सोडलेली बाई खोटं बोलू शकत नाही, हा तिचा सिद्धांत. माझ्या मुलीने एका स्थळाला नकार दिला होता, आणि हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. चाचीने ते तिसऱ्या आणि चौथ्या काकणाच्या मध्ये काढून घेतलं. "बरा केल्यान," एवढंच म्हणाली, आणि पुढची काकणं जरा जास्तच मायेने भरली.

नमाजाची वेळ झाली की ती दुकानामागच्या पडद्याआड जाते. जाताना समोर जी कोण बाई बसलेली असेल तिला हुकूम होतो, "वायच गल्ल्यार बस, मी पढान येतंय." त्या वेळेपुरती ती बाई दुकानदार. आमच्या भागातल्या किती बायकांनी या गल्ल्यावर बसून उमेदवारी केली असेल, सांगता येत नाही. पुढे ज्यांनी खानावळी काढल्या, लोणच्या-पापडांचे उद्योग काढले, त्यांतल्या बऱ्याच जणींनी आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक चाचीच्या नमाजाच्या वेळेत सांभाळलेलं आहे. मी तिथे बसले तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळ्या माळा उतरवून मापाप्रमाणे लावल्या. चाची बाहेर आली, तिने फळीकडे पाहिलं आणि चोरी झाल्यासारखी मटकन बसली.

"ह्या काय केलंस गो?"

"मापाप्रमाणे लावलंय, चाची. आता सोधूक नको."

"माप हातात आसता, फळयेर नाय. ही माळ वरच्या वाडीतल्या त्या चेडवाची होती. ती तुझ्या शेजारणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाची. आता कोणाची खंय गेली ता कोण सांगतला?"

"पण त्या चेडवाचा लगीन खंय ठरलाहा?"

"ठरतला," चाची म्हणाली. "माल इलोहा."

आणि ठरलं. मला तो योगायोग वाटतो. पण त्यानंतर मी तिच्या फळीला हात लावलेला नाही.

तिच्या श्रद्धेबद्दल मला कधी शंका आली नाही. रोजे ती कडक धरते. त्या महिन्यात तिच्यासमोर चहा प्यायला आपल्यालाच लाज वाटते आणि ती आग्रह करकरून पाजते. पण इतर लोकांचे सण तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. हरतालिकेला कुठला रंग, डोहाळजेवणाला किती, नवरीच्या चुड्यात कोणती काकणं मिसळू नयेत, हे आमच्या घरातल्या मोठ्या जावेलाही तिलाच विचारावं लागतं. नाताळाला चर्चच्या आवारात राहणाऱ्या मुलींसाठी ती चंदेरी माल वेगळा काढते. आणि काकण फुटलं, असं तिच्यासमोर म्हणायचं नाही. काकण वाढलं म्हणायचं. एका कॉलेजातल्या पोरीने हसून विचारलं, "चाची, तू तर मुसलमान, तुका काय फरक पडता?" चाचीने तिचा हात सोडला. "काच माझी, हात तुझो, आणि मधी तुझी आवस आसा, जिना तुका पयली काकणां माझ्याकडे भरली. तिच्यासाठी नीट बोल." पोरीने मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताची काकणं निमूट भरून घेतली.

एकाच बाबतीत ती आमचं ऐकत नाही. माझी नणंद लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली. पुढे तिने मालवणात जेवणाची खानावळ काढली. एकदा ती माझ्यासोबत चाचीच्या दुकानी आली आणि पदराखाली हात लपवून कोपऱ्यात बसली. चाचीने तो हात पदराखालून ओढून काढला. "दोन-सहा," ती म्हणाली. नणंद म्हणाली, "नको चाची, माका चलणा नाय." चाचीने विचारलं, "खानावळ चालयतस मा? मग गिऱ्हाईकाक कळाक नको, पडद्याफाटी कोण आसा ता? मोकळ्या हाताचो आवाज येणा नाय." तिने निळी काकणं काढली. "हिरव्याचा तुझ्या देवाक इचार. बाकीचे रंग माझे." नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाबाहेर बघत राहिले, म्हणजे होकारच. त्या दिवसापासून नणंदेच्या खानावळीत स्वयंपाकघरातून निळ्या काचेचा आवाज येतो, आणि माझ्या सासूबाईंनी तो ऐकूनही कधी विषय काढला नाही.

हे बळ तिला कुठून आलं, ते तिच्या स्वतःच्या हकिगतीत आहे. तिचा नवरा अकाली गेला. इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे घरात राहून पाळायचे दिवस ती घराबाहेर पडली नाही. ते सरल्यावर दुसऱ्या सकाळी तिने दुकानाची फळी उघडली. तिचा थोरला दीर दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. म्हणाला, बेवा बाईने बाजारात बसून परक्यांचे हात धरायचे, हे आपल्यात शोभत नाही. दुकान तो चालवील, तिला घरबसल्या खर्चाला देईल. चाचीने त्यांना पाट दिले. मग म्हणाली, "मी बायकांचेच हात धरतंय, भाई. तुमका भरूची आसत काय? बसा." एक वडीलधारे हसले. त्याचा फायदा घेऊन तिने पुढचं सांगितलं, "आपल्या पैगंबरसायबांची पयली बेगम व्यापारी होती. उंटांचे तांडे चलत तिचे. माझी तर एक फळी आसा." त्यांनी चहा घेतला आणि गेले. तिच्या धर्मातल्या माणसांनी तिला धर्म दाखवला, आणि तिने त्याच धर्मातून आपली फळी राखली. दिराच्या घरची लग्नंही पुढे तिच्याच काकणांनी झाली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावच्या देवीच्या जत्रेत देवळासमोर वडाचा पार आहे. त्या पारावर चाचीच्या घराण्याची काकणांची जागा आहे. तिची सासू बसायची, त्या सासूचीही सासू बसायची. जत्रेच्या सकाळी देवीची हिरवी काकणं चाची आणते, देवळाच्या पायरीवर गुरवाच्या हातात देते, गुरव तिला नारळ आणि तांदूळ देतो. मग पारावर बसून ती त्याच मालातली काकणं गावातल्या पाच जणींना भरते. त्या पाच जणींनी ओट्या भरल्या, की मग बाकीच्या बायकांची ओटीची रांग सुरू होते. हे सगळं चालू असतं तेव्हा गावातले पुरुष मंडप बांधणं, भांडीकुंडी आणि दशावतारी मंडळींची सोय या कामांत असतात. त्यामुळे गावातल्या बहुतेक पुरुषांची अशी समजूत आहे की ओटीची रांग आपोआप सुरू होते.

काही वर्षांपूर्वी जत्रा कमिटीवर नवे अध्यक्ष आले. आयुष्यभर मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, स्वभावाने सज्जन, वर्गणी मागायला स्वतः उन्हातून फिरणारे. कमिटीत एक बाई हवी म्हणून मी होते, आणि दुकानांच्या जागांची यादी माझ्याकडे होती. पहिल्याच सभेत अध्यक्ष म्हणाले, "कोणाच्या विरोधात काही नाही. पण देवळाच्या आवारात दुकानं आपल्या माणसांची असावीत. सगळीकडे आता तसंच चाललंय."

मी पेन काढलं. "आपली म्हणजे कोणती? मला यादी करायची आहे."

"आपली म्हणजे आपली."

"गावातली म्हणायची तर दोनच दुकानं उरतात, भज्यांचं आणि नारळांचं. तालुक्यातली म्हटली तर खाजेवाला राहतो, चाचीही राहते. पाळणेवाला घाटावरचा आहे, आइस्क्रीमवाला राजस्थानचा. त्यांना काढू?"

"त्यांना कशाला काढायचं?" अध्यक्ष म्हणाले.

"मग काढायचं कोणाला?"

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द सभेत कोणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर मी इतिवृत्तात लिहून घेतला असता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, असं करणं कायद्यात बसतं का, ते आधी कोणाला तरी विचारू या का? अध्यक्ष म्हणाले, एक वर्ष प्रयोग म्हणून करून पाहू. मी म्हटलं, देवीच्या काकणांचं काय? ते म्हणाले, "ती जबाबदारी माझी. मुंबईहून चांगली मागवतो." पाराची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका तरुणाला गेली. चाचीच्या बाजूने मत माझं एकटीचं पडलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचीला सांगायला गेले. ती एका नवरीचा चुडा भरत होती. तिने नवरीचे दोन्ही हात पुरे केले, डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद दिला, तिला रस्त्यापर्यंत पोचवून आली, आणि मग म्हणाली, "बोल. येताना तुझी चाल सांगी होती." मी सांगितलं. चाचीने पडद्याकडे मान वळवली. पडद्यापलीकडे तिची सून माळा ओवत होती. मुलगा आखातात, त्याच्या कामाचा भरवसा नाही. बाजारातलं दुकान आता लग्नसराईपुरतं. बायका घरबसल्या मोबाइलवरून काकणं मागवतात. वर्ष निघतं ते जत्रांवर. कार्तिकापासून पुढे एका गावातून दुसऱ्या गावात तिची पेटी फिरते.

"एका गावान काढल्यानी की बाकीची गावां बघतत," चाची हळू म्हणाली. "माझा काय, माझा झाला. ह्या चेडवाचा काय? हिचो हात अजून बसाक नाय. माझ्या जाग्यार बसान शिकतली म्हणान वाट बघी होतंय."

मी म्हटलं, आपण अर्ज करू, हा तुमचा हक्क आहे, मी लिहिते.

"लिव. तू हुशार लिवक. पण देवीची काकणां मी घेवन येतलंय. ता काम अर्जाखातर थांबाचा नाय."

"आणि बसतल्यात खंय?"

"ता कमिटीक इचार," चाची म्हणाली. मी अर्ज लिहिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही.

जत्रेच्या सकाळी ती आली. रिक्षातून उतरली, मागे पेटी घेऊन सून. देवळाबाहेर ओट्यांची ताटं घेतलेल्या बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. पायरीवर अध्यक्ष गुरवाच्या हातात एक चकचकीत डबा देत होते. गुरवाने डबा उघडला, एक हिरवं काकण काढून नखाने टिचकी मारली. आवाज आला नाही.

"ही कसली, सायबांनू?"

"न फुटणारी आहेत," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "मुद्दाम शोधून मागवली. देवीच्या हातात कायमची राहतील."

"देवीक काच लागता," गुरव म्हणाला, आणि डबा खांबाशी ठेवून चाचीपुढे हात केले. चाचीने माळ दिली. त्याने नारळ आणि तांदूळ दिले. नेहमीचंच झालं सगळं. मग गुरव चौकटीत उभा राहिला. रांग हलेना. अध्यक्षांनी विचारलं, "आता कशासाठी थांबलोय?"

"पाच जणींक काकणां भरून होवंदेत," गुरव म्हणाला. "मगे ओटी."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगेकडे पाहिलं. लहानपणापासून ज्या जत्रेला येत आलो तिथे दरवर्षी हे होत असतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. गडी चांगला, लगेच धावपळ केली. "चाची, इकडे मंडपात या. खुर्ची आहे, पंखा आहे."

"पंख्यान माळा हलतत," चाची म्हणाली. "माझो जागो पारार आसा."

पारावर कव्हरंवाल्याचं टेबल होतं. त्या पोराला राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. रांगेतल्या बायका आपल्याकडे एकटक बघतायत एवढं त्याला पुरलं. त्याने टेबल उचलून बाजूला नेलं आणि वर पार झाडूनही दिला. चाचीने चादर अंथरली. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला असावा. ते मनापासून म्हणाले, "चाची, तुमच्यासारखा हात या जिल्ह्यात नाही. तुम्ही आहात तोपर्यंत ही जागा तुमची. मी शब्द देतो."

आम्ही सगळ्याजणी खूश झालो. मी तर मनात यादीत दुरुस्तीही केली. चाची मात्र पेटीत घातलेला हात तसाच ठेवून थांबली.

"आणि मी गेल्यार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू की."

"आताच बघया," चाची म्हणाली. "माझो हात बरो म्हणान जागो देतास. माझ्या सासूचो हात खूप वायट होतो. अर्धी माळ भुंयार पडा. ती पण हयसरच बसली, तिका कोणी उठवक नाय. ह्या खाजेवाल्याचो खाजो एखाद्या वर्सा नरम जाता, त्येचो जागो कोण काढता काय?" खाजेवाला पलीकडून म्हणाला, "माका मधी कित्याक घेतंस गो?" बायका हसल्या. चाची हसली नाही. "हात माझो. तो माझ्यावांगडा जातलो. जागो हयसर ऱ्हवाक होयो." आणि सुनेकडे वळून म्हणाली, "बस गो."

सून पांढरीफटक पडली. पण बसली. पाच जणींत पहिला मान अध्यक्षांच्या पत्नीचा. त्या अबोल बाई, मुंबईत राहून गावात कमी मिसळलेल्या. त्यांनी हात पुढे केला. चाची मागे सरकून बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पहिलं काकण चढलं. दुसरं अंगठ्याच्या हाडाशी अडलं, सुनेने दाबलं, आणि टिचल्याचा बारीक आवाज आला. तुकडे बाईंच्या मांडीवर पडले, मनगटावर रक्ताचा ठिपका आला. जत्रेची सकाळ, ओटीच्या आधी, पहिल्या मानाच्या हातावर. अध्यक्ष काही बोलणार होते. सुनेचे डोळे भरले. चाचीने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ती बाईंच्या मनगटाकडे बघत होती.

अध्यक्षांच्या पत्नींनी तुकडे उचलून पदरात घेतले. "वाढला," त्या म्हणाल्या. "आसांदे. हात मीच ताठ धरलंय." मग सुनेपुढे परत हात धरला. "दुसरा भर, बाय. सावकाश. रांग थांबतली."

रांग थांबली. वेळ लागला, आणखीही एक दोन वाढली, पण पाच जणींचे हात भरले. मग गुरवाने दार मोकळं केलं. अध्यक्ष तो न फुटणारा डबा घेऊन बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी तो कव्हरंवाल्याला भेट दिला, पार झाडल्याबद्दल.

पुढल्या वर्षीच्या यादीत मी 'पार' या शब्दासमोर कोणाचंही नाव लिहिलं नाही. नुसतं 'काकणं' लिहिलं. अध्यक्षांनी वाचून सही केली. सगळीकडे असं झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. आमच्या शेजारच्या एका गावात तिची जागा गेली ती गेलीच. तिथल्या जत्रेला चाची जात नाही, आणि त्या गावच्या बायका दुसऱ्या दिवशी मालवणात येऊन भरून घेतात. त्या गावचा विषय निघाला की ती माळा ओवायला घेते.

आता चाचीचे हात कापतात. नजरही अधू झाली आहे. पारावर सून बसते, चाची मागे वडाला टेकून बसते आणि कोणीही काही विचारलं नसताना सूचना देत राहते. सुनेचा हात बसला म्हणवत नाही; तिच्याकडून अजूनही काकणं वाढतात, आणि आम्ही बायका आपापला हात ताठ होता असं सांगतो. गेल्या जत्रेला मी सुनेपुढे बसले तेव्हा चाचीने मागूनच हात लांबवून माझं मनगट धरलं. बोटं सुकून काटक्यांसारखी झालीत, पण पकड तीच. तिने अंगठ्याखालचं हाड चाचपलं, डोळे मिटले आणि म्हणाली,

"दोन-चार. देवगडची मा तू? हात ढिलो सोड गो. भियाव नको."

याद्यांमधल्या चुका मी कधी तशाच ठेवत नाही. ही ठेवली. सुनेने दोन-आठची माळ सोडली, आणि मी हात सैल सोडला.